दंतकथा किती, दस्तऐवज किती? रॉकच्या ‘सुवर्णयुगा’ची एक तपासणी

– आमच्या प्रतिनिधीकडून

कुरुळी : पुणे-नाशिक महामार्गावर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला प्रारंभ होतो. कुरुळी हे त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरचे गाव. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला सुट्या भागांचे कारखाने आणि गोदामे, अशी त्याची आजची ओळख. येथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण कामगारांच्या आणि पदविकाधारक अभियंत्यांच्या मोबाइलमध्ये अभंग, चित्रपटगीते आणि ‘मेटल’ एकाच यादीत सुखाने नांदतात. त्यामुळे ‘खरे संगीत सत्तरच्या दशकातच संपले’ किंवा ‘अमुक बँडचा उगाच उदोउदो झाला’ हा वाद आता केवळ दक्षिण मुंबईतील इंग्रजी शाळांत शिकलेल्यांचा राहिलेला नाही. तो वाद घालताना पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रॉक संगीतातील काही प्रसिद्ध दंतकथा, त्यांचे महाराष्ट्राशी असलेले धागेदोरे आणि त्यांतील ग्राह्य भाग यांचा हा आढावा.

‘बँड’ हा शब्द आपल्याकडे आधी वेगळ्याच अर्थाने रुळला, हे आरंभीच नमूद करायला हवे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ‘प्रभात’ आणि ‘दरबार’ ही नावे घेतली की जाणकारांचे डोळे चमकतात. कोणत्या बँडची सनई अधिक सुरेल, कोणाचा ताल पक्का, यावर पेठांमधून हिरिरीने वाद झाले आहेत. रॉकच्या चाहत्यांचा वाद त्याहून फार निराळा नाही.

आपल्याकडचा जुना दाखला

‘सुवर्णयुग’ कसे घडते हे समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला लंडन-न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पुढील चार दशकांत संगीत नाटकाने महाराष्ट्र व्यापला. या युगाचा शिरोमणी म्हणून बालगंधर्वांचे नाव घेतले जाते. ते सार्थच आहे. तथापि त्यांच्या कीर्तीचा पाया कोणता? त्यांच्या गाण्याच्या जुन्या तबकड्या आजही ऐकता येतात. पण तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ चाले आणि प्रत्येक वेळी नव्या जागांनी सजे. म्हणजे तबकडी हा त्या गायनाचा सारांश झाला. मूळ गायन प्रेक्षकांच्या स्मृतीबरोबर संपले.

केशवराव भोसले यांच्याबाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला. एका बाजूस बालगंधर्वांची भामिनी, दुसऱ्या बाजूस केशवरावांचा धैर्यधर. त्या रात्री सरस कोण ठरले, यावर दोन पिढ्यांनी शब्दांच्या लढाया केल्या. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवरावांचे निधन झाले. बालगंधर्व १९६७ पर्यंत हयात होते. ज्याला दीर्घायुष्य, शिष्य आणि ध्वनिमुद्रण लाभते त्याची कीर्ती सांभाळली जाते. ज्याला ते लाभत नाही त्याची कीर्ती ऐकीव राहते. ऐकीव कीर्ती खोटी असते असे मुळीच नाही. ती तपासता येत नाही, एवढेच.

रॉकच्या जगात नेमके हेच घडले आहे, फक्त ध्वनिमुद्रणाचा साठा प्रचंड असल्याने तेथे तपासणी अधिक करता येते.

याद्या बदलतात

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने २००३ साली सर्वकालीन ५०० श्रेष्ठ अल्बमची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर बीटल्सचा १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स’ होता. जणू हा निकाल कायमचा लागला असे त्या वेळी अनेकांना वाटले. २०२० मध्ये नव्या मतदारांनिशी यादी पुन्हा तयार झाली. मार्विन गे यांचा १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अव्वल ठरला आणि ‘सार्जंट पेपर्स’ थेट २४ व्या क्रमांकावर घसरला. मधल्या सतरा वर्षांत त्या तबकडीवरील एकही सूर बदलला नव्हता. मत देणारे बदलले होते. पहिल्या यादीवर साठच्या दशकात तारुण्य घालवलेल्या समीक्षकांचा पगडा होता, दुसऱ्या यादीत तरुण आणि कृष्णवर्णीय संगीतकारांना अधिक वाव मिळाला.

म्हणून काय बीटल्सची कीर्ती फुगवलेली ठरते? प्रस्तुत प्रतिनिधीला तसे वाटत नाही. १९६२ ते १९७० या अवघ्या आठ वर्षांत साध्या प्रेमगीतांपासून ध्वनिमुद्रणकक्षालाच वाद्य मानण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास तबकड्यांवर वर्षवार नोंदलेला आहे. कोणीही तो क्रमाने ऐकावा आणि स्वतः ठरवावे. त्या प्रवासाचा एक मुक्काम मुंबईत आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग भारतीय वादकांकडून वाजवून घेतला. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला आणि पुढे लंडनमध्ये त्यावर गायन चढवून ते बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित शिवकुमार शर्मा यांच्यासारखे वादक या कामात सहभागी होते. हृषीकेशची कथा सर्वांना ठाऊक असते. मुंबईतील हे काम, जे प्रत्यक्ष कानांनी ऐकता येते, ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

झेपेलिन : कीर्ती मोठी, श्रेय अपुरे

लेड झेपेलिनबाबत वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. वादनाचा आवाका, जॉन बॉनम यांचे ढोल, ध्वनिमुद्रणातील भव्यता यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या बँडने अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या रचना पुरेसे श्रेय न देता वापरल्या, हा आक्षेप निराधार नाही. ‘होल लॉट्टा लव्ह’वरून ब्लूजकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्यांचे नाव गीतकारांत आले. याउलट ‘स्टेअरवे टू हेवन’च्या आरंभीच्या सुरावटीवरील दाव्यात २०१६ मध्ये ज्यूरीने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने झेपेलिनच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे एका प्रकरणात आक्षेप खरा, दुसऱ्यात टिकला नाही. ‘सगळे चोरलेले आहे’ आणि ‘सगळे अस्सल आहे’ ही दोन्ही टोके सोडून द्यावी लागतात.

मुंबईकरांसाठी झेपेलिनची दंतकथा १९७२ ची आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट त्या वर्षी मुंबईत आले, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये त्यांनी वाजवले आणि स्थानिक वादकांना घेऊन ध्वनिमुद्रणही केले. क्लबमधील त्या रात्रीचे किस्से इतक्या जणांनी इतक्या रंगवून सांगितले आहेत की, सारे हजर होते असे मानले तर ‘स्लिप डिस्क’चे क्षेत्रफळ शिवाजी पार्कएवढे असावे लागेल. ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी. ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या दोन गीतांची मुंबईतील रूपे अनेक वर्षे चोरट्या प्रतींतून फिरत होती. २०१५ साली ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा उल्लेख करून. ती ऐकल्यावर लक्षात येते की, हा प्रयोग अर्धवट राहिला. ताल आणि तंतुवाद्ये एकमेकांना शोधत आहेत, अजून सापडलेली नाहीत. दंतकथेपेक्षा हे अपुरेपण अधिक मोलाचे वाटते. कारण ते खरे आहे.

पाचगणीचा फारुख

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावाशी महाराष्ट्राचा संबंध सर्वांत जवळचा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. १९५८ च्या सुमारास त्याने तेथील मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्याच्या एका बँडमित्राने पुढे पुण्यात सिझलरचे उपाहारगृह चालवले, ही माहिती पुणेकरांना बहुधा खाद्यप्रेमामुळे अधिक रुचेल. हेक्टिक्समध्ये जागतिक प्रतिभेचा स्फोट झाला होता, असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. त्या काळच्या रॉक अँड रोल गीतांच्या हौशी नकला शाळेच्या कार्यक्रमांत वाजवणारी ती मुले होती. महत्त्वाचे आहे ते पियानोचे रीतसर शिक्षण, जे त्याला तेथे मिळाले.

क्वीनच्या कीर्तीचा आलेख तपासण्यासारखा आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ मध्ये आले तेव्हा श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतले, पण अनेक समीक्षकांनी बँडला दिखाऊ ठरवले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावरील ‘लाइव्ह एड’मध्ये अवघ्या वीस-एकवीस मिनिटांत त्यांनी बाजी मारली. नोव्हेंबर १९९१ मध्ये मर्क्युरीचे निधन झाले, पुढच्याच वर्षी ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटाने ते जुने गाणे अमेरिकेत पुन्हा लोकप्रिय केले आणि २०१८ च्या चरित्रपटाने नवी पिढी जोडली. निधन आणि चित्रपट यांनी कीर्ती वाढवली हे उघड आहे. तरीही वेम्ब्लीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. हजारोंच्या जमावाला एका हाताच्या इशाऱ्यावर खेळवणारा गायक त्यात दिसतो. येथे दंतकथेला दस्तऐवजाचा आधार आहे.

कारखान्यातून आलेला आवाज

कुरुळी-चाकण पट्ट्यातील वाचकाला सर्वांत ओळखीची वाटेल ती कथा बर्मिंगहॅमची. इंग्लंडमधील हे शहर म्हणजे त्या देशाचे पिंपरी-चिंचवडच म्हणा ना : वाहने, सुटे भाग, पत्रेकाम, ओतशाळा. १९६५ साली तेथील एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा काम करत होता. नोकरीचा अखेरचा दिवस होता. संगीतासाठी त्याने ती सोडली होती. गैरहजर असलेल्या कामगाराच्या जागी त्याला प्रेसवर उभे करण्यात आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे यंत्रात गेली. तो डावखुरा वादक असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता.

पुढील भाग वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही चटकन कळेल. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, ती घासून आकाराला आणली, वर चामडे लावले. हाताला त्रास कमी व्हावा म्हणून बारीक तारा चढवल्या आणि कालांतराने त्या सैल करून स्वर खाली उतरवला. त्यातून जो जड, खोल, काळवंडलेला ध्वनी निघाला त्यावर ‘हेवी मेटल’ नावाचा संपूर्ण संगीतप्रकार उभा राहिला. जखमेमुळेच सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मोठा आवाज देणारी नवी ध्वनियंत्रणा, ब्लूजचा वारसा आणि भोवतालचा कारखान्यांचा गोंगाट यांचाही वाटा होता. परंतु तारा सैल करण्याचे कारण शारीरिक होते, हे स्वतः आयोमी यांनी वारंवार सांगितले आहे.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. प्रतिष्ठित समीक्षकांनी त्याची टर उडवली. ओबडधोबड, अडाणी, एकसुरी अशी विशेषणे वापरली गेली. त्या टीकेमागे संगीताची समज किती आणि कामगार वस्तीतील मुलांविषयीची तुच्छता किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. श्रोत्यांनी तो अल्बम घेतला, पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या बँडनी त्याचे अनुकरण केले आणि ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघांनी अखेरचा कार्यक्रम केला. गायक ऑझी ऑसबर्न यांचे त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी निधन झाले. पॉवर प्रेसवर बोटे जाणे ही चाकण पट्ट्यालाही अपरिचित गोष्ट नाही. फरक इतकाच की, येथे अशा अपघाताची नोंद झाली तरी ती नुकसानभरपाईच्या कागदात राहते. ज्या बँडच्या कीर्तीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही अशांत सॅबथचा क्रमांक फार वरचा आहे.

मुंबईचे ‘सुवर्णयुग’ : रंगभवन

आता घरच्या वादाकडे वळू. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘सिमला बीट’ या सिगारेट कंपनी पुरस्कृत स्पर्धेने देशभरातील हौशी बँडना व्यासपीठ दिले. तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या. पुढे त्या परदेशातील संग्राहकांनी शोधून शोधून घेतल्या आणि पुन्हा प्रकाशितही झाल्या. याच काळात लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोकळ्या मैदानावरचा संगीतमेळा झाला. ‘भारताचे वुडस्टॉक’ असे त्याचे वर्णन केले जाते. १९६९ च्या मूळ वुडस्टॉकला चार लाखांच्या वर माणसे लोटली होती आणि तेथे वादन केलेल्या पंडित रविशंकर यांना तो चिखल आणि ती बेहोशी मुळीच रुचली नव्हती, हे लक्षात घेतले तर ही उपमा दोन्ही बाजूंनी तोकडी पडते. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील त्या गावात काय वाजले, हे आज जवळजवळ फक्त हजर असलेल्यांच्या आठवणींतून कळते.

धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयालगत असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह मुंबईच्या रॉकरसिकांचे पंढरपूर मानले जाते. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ महोत्सव तेथे सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सोनी रॉलिन्स येऊन गेले. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ची सुरुवात झाली आणि स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे भरणारा हा मेळा एका पिढीचा वार्षिक सणच बनला. दोन हजारच्या दशकाच्या प्रारंभी रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील कार्यक्रम थांबले. नियम गैर नव्हता, लगत रुग्णालय होतेच. मात्र पर्यायी जागा कोणी दिली नाही. ‘इंडिपेंडन्स रॉक’ अन्यत्र भटकत राहिले, बंद पडले आणि २०२२ मध्ये पुन्हा भरले, ते महिंद्र उद्योगसमूहाच्या नावासह. चाकणच्या कारखान्यातून वाहने बाहेर काढणारा हा समूह २०११ पासून मुंबईत ब्लूज महोत्सवही भरवत आला आहे.

रंगभवनचा काळ खरोखर इतका थोर होता काय? उपस्थितीचा, उत्साहाचा आणि समूहभावनेचा विचार केल्यास होता. संगीतनिर्मितीचा विचार केल्यास उत्तर अडखळत द्यावे लागते. बहुतेक बँड परदेशी गीतांच्या हुबेहूब नकला सादर करत. स्वतःची रचना वाजवली की प्रेक्षक ओळखीच्या गाण्याची मागणी करत. हा कोंडा फोडण्याचे श्रेय निःसंशय ‘रॉक मशीन’ला द्यावे लागेल. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या बँडने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गीतांचा अल्बम काढला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले आणि ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीसाठी एमटीव्हीचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळवला. आज ते अल्बम ऐकताना ऐंशीच्या दशकातील अमेरिकी रॉकची छाप स्पष्ट जाणवते. तरीही रॉक मशीनने ‘आपली गाणी आपण लिहावीत’ हा पायंडा पाडला नसता, तर पुढचे ‘पेंटाग्राम’ किंवा मेटलमधील ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ यांच्यासाठी वाट इतकी मोकळी झाली असती काय, याची शंका वाटते. येथे कीर्ती गाण्यांपेक्षा परिणामावर उभी आहे, आणि तसे स्पष्ट म्हणण्यात कमीपणा नाही.

ज्यांना हवी तेवढी कीर्ती मिळाली नाही, असे खरे मानकरी कोण? आमच्या मते त्याआधीचे गोव्याचे वादक. तीस ते साठच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहापासून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणकक्षापर्यंत त्यांनीच वाद्यवृंद चालवले. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. हिंदी चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य स्वरमेळ मुख्यतः त्यांनी कागदावर उतरवला, पण तबकडीवर नाव छापले गेले संगीत दिग्दर्शकाचे. कोंकणीत क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची गाणी अजूनही गायली जातात, त्यांच्यावरून प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट २०१४ मध्ये आला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

मराठी रॉक का झाला नाही?

कोलकात्यात १९७५ च्या सुमारास ‘मोहिनेर घोडागुली’ या बँडने बंगालीतून गायला आरंभ केला. पाच-सहा वर्षे, तीन छोट्या तबकड्या आणि मर्यादित श्रोते, एवढाच त्यांचा संसार. नव्वदच्या दशकात त्यांच्या गीतांचे पुनरुज्जीवन झाले, २००६ च्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात त्यांच्या एका गीताची चाल देशभर पोहोचली आणि आज बंगाली रॉकचे आद्य पुरुष म्हणून त्यांना मान आहे. महाराष्ट्रात या तोडीचे उदाहरण का नाही?

उत्तराचा एक भाग नंदू भेंडे या नावात दडला आहे. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे हे सुपुत्र. सत्तरच्या दशकात ते मुंबईतील ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडमध्ये गात, अलिक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडासची भूमिका केली. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, तेव्हा त्यातही ते होते. ब्रेख्तच्या नाटकाच्या या मराठी अवतारात तमाशा, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच मांडवाखाली आले. मराठी शब्द रॉकच्या आघातावर बसू शकतात, याचा तो जाहीर पुरावा होता. त्यापुढे वाट तयार झाली नाही. भेंडे यांचा आवाज ‘डिस्को डान्सर’सारख्या हिंदी चित्रपटांत ऐकू आला आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांतील मृत्युलेखांनी अनेक तरुण वाचकांना ते नाव प्रथमच कळले.

उत्तराचा दुसरा भाग असा की, रॉकने इतरत्र जी गरज भागवली ती मराठीत अन्य प्रकारांनी आधीच भागवली होती. बंडखोरी हवी असेल तर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी होती, वामनदादा कर्डकांची भीमगीते होती. नवे ध्वनी हवे असतील तर ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये भास्कर चंदावरकरांचे संगीत होते. घरोघरी रेडिओभोवती माणसे जमवण्याचे काम तर १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ने केले होते. छप्पन्न गीते, आठवड्याला एक, वर्षभर. कोणत्या रॉक अल्बमने समाजाच्या इतक्या थरांना एकाच वेळी बांधून ठेवले असेल? शिवाय इंग्रजी रॉक हा आपल्याकडे बराच काळ विशिष्ट महाविद्यालयांचा आणि विशिष्ट पिनकोडांचा छंद होता. गिरणगावातील किंवा पिंपरीतील तरुणाला रंगभवनचे तिकीट परवडले असते, तरी आतला भाषाव्यवहार त्याचा नव्हता.

ती भिंत अलीकडे पातळ झाली आहे. २०१० मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि ‘अग्नी’सारखा पुण्याचा बँड हिंदीतून गाऊन देशभर ऐकला गेला. ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या तरुणांनी गिटार आणि काहोनच्या साथीने अभंग गायला सुरुवात केली, तेव्हा कुरुळीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आळंदीची परंपरा आणि रॉकचा ताल यांची गाठ पडली. परंपरानिष्ठांनी नाके मुरडली, हे ओघानेच आले. अभंग सातशे वर्षे टाळ-मृदंगाबरोबर टिकले ते मुख्यतः दर पिढीने ते पुन्हा गायल्यामुळे, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावेसे वाटते. या बँडची थोरवी आज ठरवणे घाईचे होईल. रॉक अँड रोलच्या मान्यवर दालनातही पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पंचवीस वर्षे उलटल्याखेरीज कोणाचा विचार होत नाही.

तोवर एक काम तातडीचे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील मुंबई-पुण्याच्या बँडच्या कॅसेट, स्पर्धांच्या ध्वनिफिती, हस्तपत्रके आणि छायाचित्रे माळ्यांवर पडून आहेत. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी धरते आणि थर सुटू लागला की आवाज परत मिळत नाही. केशवराव भोसले यांच्या बाबतीत निदान शंभर वर्षांपूर्वीचे तंत्र आड आले, असे म्हणता येते. ज्या घरांत अशा फिती असतील त्यांनी त्या कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्यात, लोहचुंबक आणि ध्वनिक्षेपकांपासून दूर ठेवाव्यात आणि वाजवून पाहण्याआधी जाणकाराकडून संगणकीय प्रत करून घ्यावी. जुनी फीत यंत्रात अडकून तुटण्याची शक्यता पहिल्याच खेपेला सर्वाधिक असते.